‘अगं’ कुणाला?

गल्लीत मला कुणी मामी म्हणतं, कुणी वयनी. जुनी माणसं अजून मास्तरीणबाई म्हणतात. हाका मारायला माणसं लय हायेत, तशी काही तक्रार न्हाई. पण ‘अगं’ म्हणणारं माणूस गेलं, ते गेलंच. लोक म्हणतात, होईल सवय. सवय व्हायला ती काय नवी चप्पल हाय?

हे ताडकळसच्या शाळेवर गुरुजी होते. आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायची रीत न्हाई, अन् ह्यांनीबी कधी माझं घेतलं न्हाई. मी ‘अवो’, ते ‘अगं’. शाळेतून आले की सायकल भिंतीला लावायच्या आधीच दारातून ‘अगं’ यायचं. मंग चहा, मंग दिवसभराच्या गप्पा. बोलायची भारी हौस. तिखट-मीठ लावून सांगायचे, की हातातलं काम हातातच ऱ्हायचं.

एकोणीसशे सत्तर साल उलटून गेलं होतं. एका सकाळी दाढी करता करता वस्तरा हातातून गळून पडला. तोंड वाकडं झालं, उजवं अंग गेलं. लकवा. एस्टीत आडवं टाकून परभणीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण जीभ गेली. लय दिवस नुसते बघायचे. अन् एका दुपारी मी पाय चेपायलेय तर तोंडातून शब्द फुटला, ‘अगं’. मी तिथंच पदरात तोंड खुपसून रडले. वाटलं, आता मागून बाकीचेबी येतील. एकबी आला न्हाई.

घरी आणलं, तर पाणी पाहिजे ‘अगं’, कूस बदलायची ‘अगं’, वरणात मीठ कमी ‘अगं’. एवढंच असतं तर ठीक. सुई टोचायला यायचा त्या कंपाउंडरलाबी ‘अगं’. हेडमास्तर भेटायला आले, हे एवढ्या मिशांचे, त्यांनाबी ‘अगं’. ते बिचारे बशीतल्या चहाकडं बघत बसले. ते गेल्यावर मी हसून हसून बेजार, अन् हेबी अर्ध्या तोंडानं हसायलेत.

पण मनात कुठंतरी लागत होतं. एक दिवस हे भाजीवालीलाबी ‘अगं’ म्हणले, अन् माझं डोकं फिरलं. म्हणलं, “अवो, सगळ्या गावाला ‘अगं’ म्हणायलाव. मंग माझं काय ऱ्हायलं?”

आमची एकुलती एक लेक उंबऱ्यात तांदूळ निवडीत बसली होती. ती फणकारली, “बाबा मलाबी ‘अगं’च म्हणायचे. ते काय तुझ्या एकटीचं हाय व्हय?”

ह्यांनी आमच्या दोघींकडं आळीपाळीनं बघितलं अन् डोळे मिटून घेतले. त्या दिवसापासून बाहेरच्या माणसाला ‘अगं’ म्हणणं बंद. हेडमास्तर आले की डावा हात उचलायचे. शेजारीण आली की मान हलवायचे. असा एकच शब्द उरलेला माणूस, त्यानं तोबी घरातल्या दोघींसाठी राखून ठेवला. मंग काय, आमच्या दोघींतच चढाओढ. ‘अगं’ आलं की ती म्हणायची मला, मी म्हणायची मला. ह्यांनी कुणाला ते सांगायची सोयच नव्हती.

आजार वर्षांमागून वर्षं चालला. आधी खाटेभवती माणसं मावत नव्हती. मंग सणावारी कुणी यायचं, मंग तेबी बंद. दुखणं लांबलं की पाहुणे पांगतात, त्यांना तरी काय बोल लावायचा. घरात मीच बोलायची अन् मीच हुंकार भरायची. लेक साडी नेसायला लागली तरी हे खाटेवरच.

हुरड्याचे दिवस होते. सकाळी मी चुलीपाशी, लेक अंगणात वेणी घालायलेली. आतून ‘अगं’ आलं. बारीक, पण साफ. आमी दोघींनी संगंच ‘ओ’ दिली अन् संगंच आत धावलो. तोवर सरलं होतं. डोळे दाराकडं लागलेले.

ह्यांच्या दिवसांच्या पुण्यानुमोदनाला आलेले पाहुणे परत गेले, बुद्धवंदनेसाठी लावलेल्या मेणबत्त्या विझल्या, तेव्हा लेक जवळ येऊन बसली. इतके दिवस ती रडली नव्हती. हळूच म्हणाली, “आई, बाबांनी कुणाला हाक मारली गं?”

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. म्हणलं, “तुलाच. मला म्हणताना कधी एवढा मऊ आवाज काढला का त्यांनी?” तशी ती माझ्या मांडीवर पडून पोटभर रडली.

ती आता गंगाखेडला नांदते. माहेरी आली की लेकरांना सांगते, “आजोबांनी जाताना मलाच बोलावलं होतं, विचारा आजीला.” मी म्हणते, “होय बाई, तुलाच.” तिची एस्टी सुटली की घरी येते, दार लोटून घेते अन् त्यांच्या रिकाम्या खाटेपाशी बसते. मंग विचारल्याबिगर ऱ्हावत न्हाई. “अवो, मलाच म्हणलात ना?”