मी खडकवासला काढून टाकलं

खराडीच्या त्या ऑफिसात सहा महिने मला एका मशीनने छळलं. सात वर्षं घरी बसल्यावर, मुलगी शाळेत रुळली तेव्हा, मी पुन्हा प्रोग्रॅमर म्हणून लागले होते. सहा महिन्यांनी मला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. मशीन म्हणजे माझा कॉम्प्युटर, माझ्या आधीच्या माणसाचा. त्याला ‘आता गरज नाही’ म्हणून कंपनीने काढलं होतं. ऑफिसची रीतच तशी, माणूस गेला की त्याचं मशीन आहे तसं पुढच्याला द्यायचं. “चालतंय ना? मग हात लावू नका.” चालतंय कसलं डोंबलाचं, रांगत होतं!

शेवटच्या शुक्रवारी चार वाजता परदेशातल्या क्लायंटला गोदामांचा रिपोर्ट जायचा होता आणि साडेचारला माझ्या नोकरीचा निकाल. नेमका त्याच सकाळी रिपोर्ट काढणारा प्रोग्रॅम सुरू होईना. डिस्क गच्च भरलेली. सपोर्टला फोन केला, तर म्हणे, “नको असलेलं काढून टाका, मॅडम.” वा! नको असलेलं कुठलं, ते कोण सांगणार?

पायथनमधल्या पॅकेजेसची यादी काढली. पॅकेज म्हणजे दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेलं तयार सामान, ते आपल्या प्रोग्रॅमने वापरायचं. तीनशेच्या वर निघाली. चेहरे ओळखणारं, हवामान सांगणारं, बुद्धिबळ खेळणारं. गोदामातला माल मोजायला बुद्धिबळ कशाला हो? बरं, एक काढलं की त्याने सोबत आणलेली दहा मागेच राहायची, जेवणं आटोपली तरी हॉल न सोडणाऱ्या वऱ्हाडासारखी. वर मशीन दर वेळी विचारणार, खरंच काढू? ‘येस’चा वाय दाबा. पुन्हा विचारणार. अरे, काढ ना बाबा एकदाचं! दोन तास हेच. डोकं उठलं होतं. त्यात यादीत एक नाव आलं, ‘खडकवासला’. पुण्याला पाणी देणाऱ्या त्या धरणावर कणीस खाऊन आल्यावर सुचलेला कोणाचा तरी चावटपणा असणार, म्हटलं. वाय.

जागा झाली. प्रोग्रॅम सुरू झाला आणि मिनिटभरात ओरडला, खडकवासला सापडत नाही.

इंटरनेटवरून परत घ्यायला गेले, तर असं पॅकेज जगात कुठेच नाही. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. ते त्या माणसाने स्वतः लिहिलं होतं. तो गेला त्या दिवशीच कंपनीने सर्व्हरवरचा त्याचा फोल्डर पुसलेला. या मशीनवर एकच प्रत उरली होती, ती मी पुसली. सात वर्षांनी मिळालेली नोकरी, आणि मी ती एक बटण दाबून घालवणार होते.

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी त्याचा नंबर दिला, “मी दिला म्हणून सांगू नका” असं दोनदा बजावून.

“अच्छा, माझ्या खुर्चीवर आपण का,” तो म्हणाला. मागे कुकरची शिट्टी झाली. भर दुपारी एकला तो धायरीत घरी होता. मी काय केलं ते सांगितलं. “अहो, धरण फोडलंत, आणि नळाला पाणी का नाही ते मला विचारताय?” मग म्हणाला, “थांबा, गॅस बंद करतो.”

प्रत्येक गोदाम तारीख आपापल्या तऱ्हेने लिहायचं, ते सगळं सरळ करून पुढे पाठवणारं ते पॅकेज होतं. साठ-सत्तर ओळी त्याने आठवून आठवून फोनवर सांगितल्या, मी टाइप केल्या. “वाचून दाखवा.” चुकलं की, “कंस उघडलात, तो मिटायला मी खराडीला येऊ का?” असा संताप यायचा! पण गिळला, गरज माझी होती. मी का सांगू, असं तो एकदाही म्हणाला नाही. दुसरीकडे लागलात का, मी विचारलं. “पुढची ओळ घ्या,” म्हणाला.

पावणेचारला रिपोर्ट गेला.

मीटिंगमध्ये मॅनेजर खुशीत होते. “सकाळी बंद पडलं होतं म्हणे. कोणी दुरुस्त केलं?”

खरं सांगायचं, तर बिघडवलं कोणी तेही सांगावं लागलं असतं. “मीच,” मी म्हणाले. “तो भाग नव्याने लिहिला.”

“बघा! त्याला काढलं तेव्हा सगळे म्हणत होते, त्याच्यावाचून अडेल. अडलं का काही?”

आणि मी मेलीने “नाही” म्हणून मान हलवली. मला कायम केलं.

घरी जाताना बसमध्ये त्याचा मेसेज आला. “चाललं का?” मी “हो, खूप आभार” असं लिहिलं. पाच मिनिटांनी दुसरा आला. “तिथेच परत अर्ज केलाय. आज माझा विषय निघाला का काही?”

दोन थांबे गेले. मग मी लिहिलं, “नाही, तसं काही नाही.”