न पडलेलं सरकार

लिहायला बसलो आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, आणि लिहिणं हे पिढ्यान्‌पिढ्या शिकलेल्या घरांतल्या माणसांचं काम, असं मला अजून वाटतं. शिवाय जे सांगायचं आहे ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही दामूदादाला ओळखत नाही — आणि तो हे वाचणार नाही.

दामूदादा माझा मावसभाऊ. मूळचा दिघाशी गावचा, भिवंडीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला. कॉलेजच्या दिवसांत मी भिवंडीतच टेमघरला त्याच्याच खोलीत राहायचो — तो, वहिनी आणि मी. तव्यावरची पहिली भाकरी माझ्या ताटात पडायची. पोराला अभ्यास हाय, असं दादा म्हणायचा. मी ती भाकरी खायचो. हे आत्ता का सांगतो आहे? कदाचित मुद्द्यावर यायची भीती वाटते म्हणून.

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. दिल्लीत सरकारं येत होती, पडत होती. चहाच्या हॉटेलात कारागीर पैजा लावायचे, हे किती दिवस टिकतं. मी नाटक लिहिलं. पाच पक्षांचं सरकार, पाचांच्या कात्रीत सापडलेला मुख्यमंत्री, आणि शेवटी त्याचा राजीनामा. नाटक चांगलं होतं का? ठाऊक नाही. धीट होतं, एवढं नक्की. ते लिहिलं म्हणून मीही धीट आहे, असं मला वाटायचं.

मुख्यमंत्र्याचं काम दादाचं. आवाज खणखणीत — लूमच्या खडखडाटात ओरडून ओरडून तयार झालेला. वाचायला मात्र त्याला जड जायचं. शुक्रवारी कारखाने बंद असायचे, तेव्हा मी वाचायचो आणि तो मागून म्हणायचा. पहिला शब्द मिळाला की पुढचं भाषण धबाधबा यायचं. अडायचा तो फक्त पहिल्या शब्दाला.

त्यावर त्यानंच उपाय काढला. कारखान्यात आवाज इतका, की समोरच्या लूमवरचा माणूस काय म्हणतो ते कानानं कळत नाही; ओठ बघून कळतं. सगळेच कारागीर तसं बोलतात. दादा म्हणाला, तू विंगेत बस आणि नुसते ओठ हलव, आवाज काढूच नकोस. माझ्या तोंडावर उजेड पडेल असा बल्ब त्यानं स्वतः टांगला. इतर नाटकांत प्रॉम्प्टरचा आवाज नटाआधी प्रेक्षकांना ऐकू जातो. आमच्यात मी शब्द देतो हे आम्हा दोघांशिवाय कुणालाच कळत नव्हतं.

कुणालाच कळत नव्हतं — हेच मला पुढे उपयोगी पडलं.

शेवटचं भाषण असं सुरू व्हायचं: ‘ज्याचा मांडव, त्याचं सरकार.’ मी ते लिहिलं तेव्हा प्रयोग शाळेच्या हॉलमध्ये व्हायचा होता. मग आमच्या भागातल्या नगरसेवक शेठनी मांडव दिला, जनरेटर दिला. हे शेठ नगरपालिकेत कधी या बाजूला, कधी त्या बाजूला असायचे. सगळं गाव जाणून होतं. ओळ बदलावी, असं मला वाटलं का? वाटलं. पण कॉलेजातल्या मित्रांना ती आवडली होती.

प्रयोगाच्या मध्यंतरात शेठचा माणूस विंगेत आला. खांद्यावर हात ठेवला. कुठल्या कॉलेजला आहेस, कितवीला, कुठे राहतोस — सगळं मायेनं विचारलं. मग म्हणाला, “शेवटचं भाषण जरा आवर. शेठ समोरच बसलेत.”

बस, एवढंच. दम दिला नाही. मी मान हलवली.

तेव्हा मी दादाकडे जाऊन सांगू शकलो असतो — भाषण गाळ, मला भीती वाटते. तो हसला असता आणि त्यानं गाळलं असतं. पण ज्याच्याकडून शुक्रवारमागून शुक्रवार ते भाषण घोकून घेतलं, त्याला मी घाबरलो हे कसं सांगायचं? मला भित्राही व्हायचं नव्हतं आणि धीटही.

शेवटचा प्रवेश आला. मुख्यमंत्री उभा राहिला. पाचही मंत्री त्याच्याकडे बघत होते. त्यानं विंगेकडे पाहिलं — सरळ माझ्या तोंडाकडे.

मी ओठ मिटून घेतले.

तो थांबला. घसा खाकरला. पुन्हा पाहिलं. बल्ब जळत होता. मी हातातल्या कागदाकडे बघत राहिलो. मागून कुणीतरी शिट्टी मारली, मग हशा. शेवटी एका मंत्र्यानं खूण केली आणि पडदा पडला. सरकार पडायचं होतं, ते पडलंच नाही. शेठ खूश झाले. सरकार असं टिकलं पाहिजे, म्हणाले, आणि माझी पाठ थोपटली.

इथवर भित्रेपणा. पुढचं त्याहून वाईट आहे.

पडद्यामागे दादा जाकीट न काढताच माझ्याकडे आला. रागावलेला नव्हता. हळूच म्हणाला, “अरुन, तू बोलत व्हतास काय?”

मी म्हणालो, “हो दादा. दोनदा बोललो.”

“मंग मला दिसलं न्हाय,” तो म्हणाला.

त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःच्या डोळ्यांवर ठेवला नाही.

हॉटेलात लोक त्याला विचारायचे, काय मुख्यमंत्री, राजीनामा दिलात की न्हाय अजून? तो हसून चहा प्यायचा. ते त्यानं सहज सोसलं असतं. पण त्याच्या मनात दुसरंच शिरलं होतं. लूमवर तुटलेली तार, म्हणजे ताण्याचा धागा, लांबून दिसावी लागते. नाही दिसली तर कापड खराब. तो आता वाकून वाकून तारा बघायला लागला. शेजारच्याला विचारायचा, ठीक हाय ना? चार लूम एकट्यानं सांभाळणारा माणूस. कारखान्याच्या मालकांना कळलं तर काढतील, म्हणून धास्तावलेला. आधी रात्रपाळी सोडली, मग दोन लूम.

एकदा मला म्हणाला, कल्याणला डोळ्यांच्या डॉक्टरकडं येतोस का, एकट्याला भीती वाटते. मी परीक्षेचं कारण सांगितलं. परीक्षा होती का? होती, पण लांब होती. डॉक्टर काय सांगेल याची मला त्याच्याहून जास्त भीती होती. डोळे चांगले आहेत, म्हणाला असता तर?

दादा एकटा गेला नाही. काही महिन्यांनी लूम सोडून दोघं दिघाशीला परत गेली. जाताना वहिनीनं मला खोलीची किल्ली दिली. परीक्षा होईस्तोवर रहा, म्हणाली. मी राहिलो. पास झालो. नोकरी लागली. सणाला भेटायचो तेव्हा दादा दोन पावलं जवळ येऊन माझा चेहरा न्याहाळायचा आणि बाकीच्यांना सांगायचा, नजर अधू झाली माझी. मी तिथेच उभा असायचो.

गेल्या महिन्यात वहिनीचा भाऊ भेटला. खारबावच्या शाळेत डोळ्यांचं शिबीर झालं, वहिनीनं दादाला ओढून नेलं. डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं दाखवली, बत्ती लावून बघितलं. म्हणाले, वयानं वाचायला चष्मा लागेल, पण लांबची नजर अगदी स्वच्छ आहे. ती कधी अधू झालेलीच नाही. वहिनी रडायला लागली.  दादानं डॉक्टरांना एवढंच विचारलं म्हणे, “म्हंजे तवा बी दिसत व्हतं?”