बिनकानी हेल्मेटचे मानकरी

किस्से माणसाला चिकटायचे तर त्याचा मुक्काम लांबावा लागतो. लोककथांच्या अभ्यासात मी हे वारंवार पाहिले आहे. आखातात तर व्हिसा संपला की माणूस निघून जातो आणि त्याच्या गोष्टीही मागे राहिलेल्याला चिकटतात. मुसफ्फा या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या बेसबॉल संघात हे भाग्य इस्माईलचाचांच्या वाट्याला आले. मूळचे श्रीवर्धनचे, फॅब्रिकेशन वर्कशॉपचे मालक, वय एकसष्ट, आणि बावीस वर्षे याच संघाचे बॅटर! मला बॅट धरता येत नाही. तरी या मंडळींनी हाती स्कोअरबुक देऊन आपल्यात बसवून घेतले, हे त्यांचे माझ्यावर उपकारच आहेत.

*

प्रारंभी संघाकडे हेल्मेटच नव्हते. चाचांनी वर्कशॉपमधली पिवळी सेफ्टी हेल्मेट आणली. एका रांगेत बसलेली ती पिवळी डोकी पाहून फिलिपिनो अंपायर म्हणाला, "भाई, मॅच है या प्लांट का शटडाउन?"

"पहले मॅच, बाद में वेल्डिंग!" चाचा म्हणाले.

*

पुढे खरी हेल्मेट आली. पण तीही बिनकानी, म्हणजे केवळ डोके झाकणारी. त्यानंतर अवतरले एककानी. ते मागवले कप्तान साठ्यांनी. साठे पुण्याचे, पेशाने सेफ्टी ऑफिसर. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा कान पिचरसमोर येतो, म्हणून झडप डाव्या कानावर होती. साठे मात्र डावखुरे! पहिल्याच चेंडूला त्यांचा उघडा कान थोडक्यात बचावला.

"साठेसाहेब," चाचा बाकावरून ओरडले, "आता पिचरलाच सांगा, यल्ला, चल, पलीकडून टाक!"

*

अखेर दोनकानी हेल्मेट आले आणि लीगने नियम केला: नव्या खेळाडूंना दोनकानी सक्तीचे, जुन्यांना जुने चालेल. एकेक करून सगळे बदलले. चाचा तेवढे बिनकानीच राहिले.

"कान झाकले की बॉल ऐकू येत नाही."

"चाचा, बॉल ऐकायचा असतो?"

"मग? डोळे केव्हाच रिटायर झाले!"

शेजारी बसलेल्या चाची म्हणाल्या, "घरात दोन्ही कान उघडेच असतात. तरी माझं एक अक्षर ऐकू येत नाही!"

*

गेल्या हंगामात चेंडू चाचांच्या कानाला घासून गेला. दोन टाके पडले. ज्याच्या हातून चेंडू सुटला, तो तरुण मल्याळी पिचर इतका हादरला की मैदानावर येईनासा झाला. चाचा कानाला पट्टी लावून, बिर्याणीचा डबा घेऊन, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या त्याच्या घरी गेले.

"हबीबी, बॉल एक नंबर था. सर मेरा गलत जगह पे था!"

पुढच्या शनिवारी तो खेळायला आला.

*

यंदाच्या नोंदणीची सकाळ; फॉर्मचे टेबल माझ्याकडे होते. साठ्यांची बारा वर्षांची रेवा प्रथमच ज्युनिअर संघात येणार होती. महिनाभर ती याच दिवसाची वाट पाहत होती. पण दोनकानी हेल्मेट घालायला तिने साफ नकार दिला.

"हेल्मेट नाही तर खेळ नाही. खलास!" साठे म्हणाले.

"बट चाचा डझन्ट वेअर इट!"

"त्यांची गोष्ट वेगळी आहे."

"व्हाय?"

दिवसभर कामगारांना सुरक्षेचे धडे देणारे साठे स्वतःच्या हेल्मेटवरची धूळ पुसू लागले. रेवाने हेल्मेट बाकावर ठेवले आणि डोळे पुसत ती गाडीकडे निघाली.

चाचा बाकाच्या दुसऱ्या टोकाला बुटांच्या नाड्या बांधत होते. ते उठले आणि माझ्या टेबलापाशी आले.

"प्रोफेसर, एक फॉर्म द्या."

"चाचा, तुमचं नाव आहे की जुन्या खेळाडूंत."

"ते खोडा. नव्यांत घाला."

मी त्यांच्याकडे पाहिले. ते फॉर्मकडे पाहत होते. गाडीपर्यंत गेलेली रेवा तिथेच थांबली होती.

मी नाव लिहिले, वय लिहिले. पुढचा रकाना आला.

"अनुभव?"

"शून्य," चाचा मोठ्याने म्हणाले. "आणि जरा हात चालवा, माझ्यामागे अजून एक नवीन खेळाडू आहे!"