लिफ्टसमोरचा निषेध

“भांडी घासणाऱ्या बाईला राजकारणातलं काय कळतं, असं विचारतो हा नेता? लाज कशी वाटत नाही?” आमच्या सोसायटीचे चेअरमन नाना लिफ्टपाशी असे गरजत होते की गच्चीवरची कबुतरं थेट शेजारच्या जिल्ह्यात जाऊन उतरली. निषेधाला जमलेले आम्ही माना डोलावत होतो. तेवढ्यात चौथ्या मजल्यावर भांडी घासणाऱ्या सुनंदाताई आल्या आणि नेहमीसारख्या गुडघ्यावर हात टेकत जिना चढायला लागल्या. कारण नानांच्या डोक्यावरच पाटी होती : ‘घरकामाच्या बायकांनी लिफ्ट वापरू नये.’

आमच्या डोलणाऱ्या माना पाटीकडे वळल्या आणि तिथंच अडकल्या; टाकीत पडणारं पाणीसुद्धा ओशाळून थांबलं असावं. इतकी वर्षं ती पाटी आम्हाला भिंतीचा रंगच वाटत होती. त्या नेत्याला शिव्या घालायला जमलो नसतो, तर आणखी शंभर वर्षं तिच्याकडे पाहिलं नसतं. तेवढे त्याचे उपकार.

नानांनी पाटी उपटली, तिच्या कोऱ्या पाठीवर निषेधाची घोषणा लिहायला घेतली आणि लिफ्टचं दार धरून म्हणाले, “सुनंदाताई, खाली या. आजपासून लिफ्टनंच जायचं.”

सुनंदाताई उतरून आल्या, आत शिरल्या.

“चौथा दाबा,” म्हणाल्या.