देवांच्या फळीवरची डबी

ज्या पुस्तकाने माझं डोकं फिरवलं, त्याचं नाव मला आजही माहीत नाही. तारापूरच्या आमच्या शाळेच्या कपाटात ते सापडलं तेव्हाच त्याची पहिली पानं गेलेली होती. आत पुढच्या शतकातली चार मुलं होती, आमच्याच वयाची. ती यंत्रमानव बनवायची, मंगळावरच्या लोकांशी बोलायची आणि मधूनमधून मोठ्या माणसांना अक्कल शिकवायची. मी सांगतेय ते ऐंशीच्या दशकातलं. उन्हाळ्यात किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेले असत आणि कावळे हाकलायचं काम माझ्याकडे असे. तिथे बसून मी ते पुस्तक तीनदा वाचलं. कावळ्यांनी भरपूर बोंबील खाल्ले आणि मी भरपूर बोलणी.

एक गोष्ट मात्र मला सारखी खटकायची. त्या प्रत्येक मुलाला स्वतःची खोली होती आणि खोलीला आतून कडी. यंत्र अर्धवट टाकून ती जेवायला जायची आणि परत यायची तेव्हा यंत्र जसंच्या तसं असायचं. आमच्या घरात जमिनीवर ठेवलेली वस्तू संध्याकाळपर्यंत जागेवर राहिली तर ती वस्तू कुणालाच नको आहे असं समजायचं. लिहिणाऱ्याने मच्छीमाराचं घर कधी पाहिलं नव्हतं, एवढं नक्की.

तरीही दहावीत विज्ञान प्रदर्शनाची सूचना लागली आणि मी हात वर केला. माझ्याबरोबर वर्गातली एक मैत्रीण होती, सरावलीला राहणारी. तिचे वडील बोईसरच्या कारखान्यात वायरमन होते, घरी सगळे हिंदी बोलायचे, आणि मुख्य म्हणजे तिच्याकडे सोल्डरिंग आयर्न होतं. मंगळ आमच्या आवाक्याबाहेरचा होता. आम्ही बाबांच्या बोटीपुरतं बघितलं. बोटीच्या तळाशी पाणी साचतं, आणि जाळं टाकून माणसं झोपली की ते कुणाच्या लक्षात येत नाही. एकदा बाबा गुडघाभर पाण्यात जागे झाले होते. म्हणून एक साबणाची डबी घेतली, त्यात मोडक्या रेडिओतला ट्रान्झिस्टर, सेल आणि बझर बसवला आणि दोन तारा बाहेर सोडल्या. तारांना पाणी लागलं की बझर वाजणार.

बाबांनी डबी हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली. ते हसले नाहीत, यातच मला सगळं मिळालं. मग म्हणाले, "पयला नंबर आला तर जा अकरावीला, पालघरला. नाय आला तर दहावी झाली का आयची पाटी घे. तिची मान आता चालत नाय."

ते खोटं नव्हतं. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन आई रोज बोईसरच्या बाजारात जायची, आणि संध्याकाळी मान वळवायची झाली तर सगळं अंगच वळवायची. बाबांवर मला रागावताही येत नव्हतं, आणि हेच जास्त छळायचं. माझं सगळं पुढचं आयुष्य त्या साबणाच्या डबीत होतं.

ती ठेवायची कुठे? घरात कोरडी, उंदरांपासून लांब अशी एकच जागा होती, देवांची फळी. मी डबी देवांच्या शेजारी ठेवली आणि निश्चिंत झाले.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी नारळी पौर्णिमा होती. आमच्याकडे त्या दिवशी समुद्राला नारळ देतात, बोटीला हार घालतात आणि इंजिनाचीही पूजा करतात. मी अंगणात रांगोळी काढत होते, तेवढ्यात घरातून बझरचा आवाज आला. धावत गेले. आईने डबीला हळदकुंकू लावलं होतं, इंजिनाचं काढतात तसं झाकण काढलं होतं आणि नारळ फोडून त्याचं पाणी आत ओतलं होतं. डबी कोकलत होती आणि आई हात जोडून उभी होती.

"अगं, हे काय केलंस?"

"इंजिनाला नारळ देतो आपण, मंग याला उपाशी ठेवू? बघ कशी बोलली!"

शेजारपाजारचे जमले. बाबाही दारात येऊन उभे राहिले. खरं सांगायचं तर मला तेव्हा राग आलाच नाही. पाणी लागलं आणि बझर वाजला, म्हणजे यंत्र पास झालं होतं! सगळ्यांसमोर माझी छाती फुगली. मी डबी फडक्याने पुसली, चुलीच्या उबेला वाळवली, बझर बंद झाल्यावर सेल काढून ठेवला आणि शांत झोपले.

दुसऱ्या दिवशी बोईसरच्या शाळेत, पावसाळी दमट हवेत, परीक्षक आमच्या टेबलाशी आले. मी सेल जोडला आणि बझर वाजायला लागला. तारा कोरड्या होत्या. पाण्याचं भांडं अजून मैत्रिणीच्या हातातच होतं.

"बोटीत पाणी नसतानाही वाजणार का हे?" परीक्षकांनी विचारलं. पलीकडच्या टेबलावरची मुलं हसली. मी सेल काढला, पुन्हा जोडला. पुन्हा तेच. परीक्षक पुढे गेले.

मैत्रीण माझ्याबरोबर घरी आली. ओट्यावर बसून तिने डबी उघडली, आतल्या जोडणीवरून बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं.

"मीठा है," ती म्हणाली. "नारियल का पानी सूखा नहीं, चिपक गया है. हवा की नमी से बज रहा है."

आई उंबऱ्यात उभी होती. बाजारात जन्म गेलेला, तिला हिंदी चांगलं कळायचं. मी डबीचं झाकण लावून टाकलं. तोंड उघडलं असतं तर जे निघालं असतं त्याची मलाच भीती वाटत होती.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, "ठरलं तसं."

आई भाकरी थापत होती. तिने मागे पाहिलं नाही. "नारळ मी फोडला," ती म्हणाली. "डबी बिघडली ती माझ्या हातानं. मंग पाटी पन माझ्याच डोक्यावर राहील. पोर जाईल पालघरला."

"आन तुझी मान?"

"मान माझी हाय."

बाबांनी भाकरीसाठी ताट पुढे केलं.

पुढच्या जूनमध्ये कॉलेजचा पहिला दिवस उजाडला. माझी नवी बॅग देवांच्या फळीखाली होती. आईने कुंकवाचा करंडा घेतला, बोट पदराला दोनदा पुसलं आणि बॅगेला कोरडं कुंकू लावलं. नारळ नाही, पाण्याचा थेंब नाही. मग ती अंगणात भरलेल्या पाटीशी गेली. पाटी डोक्यावर चढवायला दुसऱ्या माणसाचा हात लागतो, आणि तो रोज माझाच असे. मी खांद्याला बॅग घेऊनच पुढे झाले.

ती झटकन मागे सरली. "तू नको. पाटी गळते हाय. तुझ्या बॅगेवर पानी पडंल."

आणि तिने शेजारणीला हाक मारली.