ल्युबिशाने कुम बदलला

माणसं जोडायचं वेड लागलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. आमच्या शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत मी क्लोरीन तपासते, ल्युबिशा जंतू तपासायचा. कामात हुशार, म्हणजे अगदीच. नळाचं पाणी नुसतं हुंगून कुठल्या विहिरीचं ते सांगायचा आणि मागाहून माझं यंत्र तेच सांगायचं. पण स्वतःच्या या कसबावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. "दोब्रिला, काम काय, सगळेच करतात. ओळख लागते, ओळख," हे मला दिवसातून तीनदा ऐकवायचा.

मग काय, हात धुवून ओळखींच्या मागे लागला. हिशेबखात्याचा प्रमुख बुद्धिबळ खेळतो म्हणून हा बुद्धिबळाच्या मंडळात. नगराध्यक्ष मासे धरायला जातो म्हणून हाही मोरावा नदीच्या काठावर गळ टाकून बसलेला, आणि गांडुळाला हात लावायची याला किळस. आमच्याकडे प्रत्येक घराण्याचा एक संत असतो, त्याच्या दिवशी त्या घरी सण आणि येईल त्याला जेवण; कुणाच्या घरचा सण कुठल्या संताचा, हे सगळं याच्या वहीत लिहिलेलं. संत निकोलाच्या दिवशी तर अर्ध्या गावाच्या घरी सण. एका वर्षी पठ्ठ्याने नऊ घरं घेतली, नऊही घरी तळलेला मासा खाल्ला आणि पुढचे दोन दिवस पोट धरून घरी बसला. वर बेलग्रेडला जाऊन ओळखी वाढवायची एक कार्यशाळाही करून आला. तिथल्या बाईंनी म्हणे सांगितलं, शंभर ढिल्या ओळखींपेक्षा एक घट्ट नातं भारी. ते जे याच्या डोक्यात शिरलं ते शिरलंच.

त्या वर्षी आमच्या प्रमुख बाई निवृत्त होणार होत्या. ती खुर्ची ल्युबिशाला हवी होती, नऊ वर्षं हवी होती. निवड तिघांची समिती करणार आणि तिचे अध्यक्ष आमचे तांत्रिक संचालक तिहोमिर. साठीला आलेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. बोलणं मोजकं. त्यांच्यापुढे ल्युबिशाची एक मात्रा चालेना. बुद्धिबळ नाही, मासे नाहीत, कॉफीसुद्धा एकट्यानेच प्यायचे.

अशात फेब्रुवारीच्या अखेरीस ल्युबिशाला मुलगी झाली. मार्चमध्ये एका सकाळी तो माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, की तिहोमिरसाहेबांना कुम करून घेतो.

मी हातातली काचेची नळी खाली ठेवली. कुम म्हणजे काय थट्टा आहे का? बाप्तिस्म्याला लेकराला हातांवर धरतो तो कुम. त्या दिवसापासून दोन्ही घरं एक, सख्ख्या भावाहून जवळची, आणि तो नि लेकराचा बाप एकमेकांना कुमच म्हणतात. आणि तो काही बाजारातून नवा आणायचा नसतो, घराण्याचा ठरलेला असतो. ल्युबिशाच्या घराचा कुम वीजमिस्त्री मिलेन्को. त्याच्या आजोबांनी ल्युबिशाच्या बापाला हातांवर धरलं होतं. मी ल्युबिशाला चांगलंच फैलावर घेतलं, लाज वाटते का म्हणून विचारलं. त्याने ऐकून घेतलं आणि संध्याकाळी बाटली घेऊन मिलेन्कोकडे गेला, या खेपेला मोकळं कर म्हणायला. मिलेन्कोचा सूट धुऊन, इस्त्री करून दाराला टांगलेला होता. "लेकरू तुझं, मर्जी तुझी," एवढंच तो म्हणाला. बाटली त्याने परत दिली.

मग स्वारी तिहोमिरसाहेबांकडे. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि ते हो म्हणाले. चर्चमध्ये त्यांनी त्या पोरीला इतकं जपून धरलं होतं की पाद्रीबाबांना तीनदा मागावी लागली तेव्हा कुठे हातातून सोडली. तेव्हापासून दर रविवारी दुपारी ल्युबिशाच्या दारात हजर. रांगायचं नाव नाही त्या पोरीचं, आणि हे तिला लाकडी घोडा घेऊन आले. ल्युबिशा खूश. खुर्ची कुठल्या खिडकीशी ठेवायची तेही त्याने ठरवून टाकलं.

जूनमध्ये निवड झाली. खुर्ची बाहेरगावच्या एका बाईंना मिळाली. समिती बसताच साहेब म्हणे उठले, उमेदवारांत माझा कुम आहे, मला मत देता येणार नाही म्हणाले आणि बाहेर गेले. उरलेल्या दोघांना ल्युबिशाचं काम काय ठाऊक? त्यांनी कागदावरच्या पदव्या बघितल्या.

ल्युबिशा लालबुंद झाला. साहेबांना चार शब्द सुनावायचे म्हणून निघाला. हा काहीतरी बोलून बसेल म्हणून मीही तपासणीचे कागद घेऊन मागोमाग गेले. पण आम्ही दारात दिसताच साहेबांनीच खण उघडला आणि एक पत्र त्याच्या हातात ठेवलं.

"हे तुझ्याजवळ ठेव, कुम. पोरगी मोठी झाली की तिला वाचायला दे."

मी त्याच्या खांद्यावरून वाचलं. प्रयोगशाळा सांभाळायला या माणसाशिवाय दुसरा कोणी नाही, असं समितीला लिहिलेलं. खाली साहेबांची सही, तारीख चौदा फेब्रुवारी. पोरगी तेव्हा जन्मालाही आली नव्हती.

"तू मला कुम व्हायला सांगितलंस आणि मी हे खणात टाकलं," साहेब म्हणाले. "कुम हो म्हटल्यावर नाही म्हणता येत नाही, आणि कुमासाठी हात वर करता येत नाही. मी रात्रभर विचार केला. हा नऊ वर्षं ज्या खुर्चीची वाट बघतोय, ती माझ्यासारख्या एकट्या म्हाताऱ्याला घरात घ्यायचं म्हणून सोडतोय. इतकं माझ्यासाठी कुणी केलं नाही रे."

ल्युबिशाने पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. तोंड उघडलं तर खरं काय ते बाहेर पडणार, असं मला वाटलं. त्याचे डोळे भरून आले होते. माझेही आले.

"तुला माहीत होतं ना सगळं?" साहेबांनी विचारलं.

"हो, कुम," ल्युबिशा म्हणाला. "माहीत होतं."