चाखण्यापुरता खर्रा

वडशाच्या बसस्टँडासमोर सुगंधाबाईचा पानठेला. नवरा गेला तेव्हापासून खर्रा घोटून घोटूनच तिनं लेकीला, पुनमला, वाढवलं. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत टाकायचा आणि हात भरून येईस्तोवर घासायचा, की झाला खर्रा. चुना जास्त पडला तर गिऱ्हाइकाची जीभ सोलते, म्हणून बाई प्रत्येक घाण्यातली चिमूट पुनमच्या तोंडात टाकायची. "चाखून सांग वं, बराबर आहे का?" पोर दहा वर्षांची होती तेव्हापासूनचा हा रिवाज.

यंदा तंबाखूवर कर चढला. बाईला भाव वाढवावा लागला आणि कॉलेजची पोरं एकेक करून गळाली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सरकारले गरिबाचाच ठेला दिसते," म्हणत दिवसभर बोटं मोडायची. पोरं सुटली याचा आनंद कुणाला व्हायचा तो होवो, तिला काही झाला नाही. उरलेलं गिऱ्हाईक टिकवायचं तर माल चोख हवा, म्हणून चाखणं उलट वाढलं. त्या चिमटीवर कुठला आलाय कर!

दिवाळीनंतर पुनमला झाडीपट्टीच्या नाटकात काम मिळालं. पहिलंच, आणि चांगलं दोन गाण्यांचं. पोरगी हरखून गेली. पण तालमीत गाणं दातांतल्या दातांतच अडकायला लागलं. घरी तिखट सोसेना, भाताचा घास आत जाईना. नाटकाचे मालक म्हणाले, डॉक्टरला तोंड दाखवून ये, तोवर काम राखून ठेवतो.

ब्रह्मपुरीच्या डॉक्टरीणबाईंनी पुनमला स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगितली. एकच गेलं. गालाची आतली कातडी पांढरी पडून ताठ झाली होती.

"रोज किती खर्रे खातेस?"

सुगंधाबाईला ते झोंबलंच. "माह्या पोरीनं आजवर एक खर्रा इकत नाई घेतला, बाई. ते तशी नाई."

"मी फक्त चाखत होती," पुनम म्हणाली.

"तोंड पहिल्यासारखं उघडेल असं मी सांगू शकत नाही. गालाचा तुकडा तपासायला पाठवावा लागेल, कॅन्सर तर नाही ना ते बघायला. पण हिला चाखायला देत कोण होतं?"

आईचं नाव पुनम काही घेईना.

"म्याच चारला," सुगंधाबाई म्हणाली. "माह्या हातानं."